हात बसेपर्यंत

पहिले दोन महिने मी फक्त जबडे धरले.
अंगठा आणि तर्जनी मास्कवर,
उरलेली तीन बोटं हाडाखाली.
मांसावर नाही गं, हाडाखाली,
बेंडाळे मॅडम मागून म्हणायच्या,
आणि करंगळीतून अशी कळ जायची
की रात्री मेसमध्ये
डावा हात आमटीची वाटी धरायला नाही म्हणायचा.

कान फिरोज सरांनी शिकवला.
मॉनिटरकडे पाठ करून उभं केलं मला.
ऐक, हे नव्व्याण्णव.
ऑक्सिजन उतरला की सूर उतरतो,
अंधारात जिना उतरणाऱ्या माणसासारखा.
तो कितव्या पायरीवर आहे
ते मान न वळवता सांगायचं.
मी पंच्याण्णवला नव्वद म्हणाले, नव्वदला पंच्याण्णव.
त्यांनी चहा पाजला. म्हणाले,
घाबरून जास्त ऐकलंस ते चालेल,
दुसरं नाही चालणार.

वाशिमहून आई विचारते,
अजून इंजेक्शनच देतेस का?
हो म्हणते. जेवलीस का? तेही हो.

वडके काका तांबट आळीतले.
पित्ताशयाच्या पिशवीत खडे,
वजन बावन्न, बीपी बरं.
आदल्या संध्याकाळी तपासायला गेले तर म्हणाले, जोरात बोल,
पन्नास वर्षं तांबं ठोकलं,
आता तांबं ऐकू येतं, माणसं नाही.
मग मी ओरडून विचारलं
आणि अख्ख्या वॉर्डाला कळलं की काकांना कवळी आहे.
तू काय करणार उद्या?
झोपवणार.
आणि उठवणार कोण?
मीच.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
गिऱ्हाईक हंड्याचा बूड बघतं तसं.
मग पलंगाच्या दांडीवर बोटाच्या पेरानं
मठारकाम दाखवलं:
एक भारी, दोन हलके, भांडं जरा फिरवायचं,
एक भारी, दोन हलके.

सकाळी कानातलं यंत्र
काकूंनी रुमालात गाठ मारून बाहेर नेलं.
नळी पहिल्या खेपेला गेली.
मॅडम काहीच बोलल्या नाहीत.
त्यांच्याकडे याला शाबासकी म्हणतात.

दीड तासानं टाके पडले, वायू बंद केला,
उतारा दिला.
श्वास आला, आपला आपण, खोल.
आकडे सगळे शहाण्यासारखे.
काका, डोळे उघडा.
वडके काका.
काका, डोळे उघडा ना.
सर्जननी हातमोजे टाकले, पुढची केस घ्यायची का विचारलं.
मॅडमनी घड्याळ बघितलं.
मी काय जास्त दिलं, काय विसरले,
सगळे मिलिग्रॅम उलटे मोजत गेले
आणि मोजता मोजता आठवली
ती रुमालाची गाठ.

बाहेर धावायला वेळ नव्हता.
डावा हात जबड्याखाली तसाच ठेवून
उजव्या हाताच्या पेरानं त्यांच्या गळपट्टीच्या हाडावर:
एक भारी, दोन हलके.
एक भारी, दोन हलके.
फिरवायला भांडं नव्हतं, म्हणून
जरा थांबून.

पापण्या हलल्या.
मग उघडल्या, चिडलेल्या,
कुणी दुपारची झोप मोडली म्हणून.
फिरोज सर मास्कमागे हसले असावेत.
मॅडम म्हणाल्या, सक्शन घे, बघत काय उभी राहिलीस.

दुसऱ्या दिवशी अकरा नंबर वॉर्डात
काका पेज पीत होते, यंत्र कानात.
काल कोण ठोकत होतं गं?
मी होते.
ठोका तिरका पडत होता तुझा.
शिकतेय, म्हटलं.
त्यांनी वाटी खाली ठेवली.
आमच्यात तीन वर्षं लागतात हात बसायला.
आमच्यातही, काका.
मग बरं, म्हणाले,
आणि काकूंना खूण केली
की हिलाही थोडी पेज दे, हिचे हात बघ कसे कापतायत.

मी प्यायले. उभ्यानंच.
डाव्या हातात वाटी धरून.